विहारातल्या झोळ्या

नागपूरचं वसतिगृह सोडून मी सौंसरला कायमची परत आले, तेव्हा घरात माझ्यासाठी एक खुर्ची आणून ठेवलेली होती. बाकी सगळे खाली सतरंजीवर बसत, जेवत, भांडत. खुर्ची फक्त माझी. बाबा तहसील कचेरीत बाबू होते. कचेरीतलं कोणी घरी आलं की ते मला खुर्चीवर बसवून इंग्रजी पेपरातला एखादा परिच्छेद मोठ्यानं वाचायला लावत. मी इतक्या हळू वाचत असे की पाहुणे ऐकण्यासाठी पुढे झुकत आणि काही न कळताच मान डोलावत. इंग्रजी शाळेत मी दोन गोष्टी नीट शिकले होते: चांगलं लिहिणं आणि कोणाच्या नजरेत न येणं. वसतिगृहात मुली आडनाव विचारत आणि त्यावरून काय ते ओळखत. गप्प राहिलं की पुढचे प्रश्न कमी येतात, हे मला फार लवकर कळलं होतं.

घर मात्र गप्प नव्हतं. पहाटे आईच्या भाकरी थापण्याचा आवाज, त्यावर कापसाच्या जिनिंगचा भोंगा, त्यावर छोट्या लाईनच्या गाडीची बारीक शिट्टी. दिवाळीनंतर घरभर तुरीच्या ओल्या शेंगांचा वास असे. आई त्या मीठ घालून उकडायची, ओल्या दाण्यांची, सोल्यांची आमटी करायची, अंबाडीच्या भाजीवर लसणाचं तेल ओतायची आणि ते तेल चर्र झालं की शेजारच्या काकू भिंतीपलीकडून म्हणायच्या, "झालं वाटते लीलाबाईचं!" आईची बोटं जाड होती. बाबांना नोकरी लागेपर्यंत तिनं कापूस वेचला होता, आणि बोंडांच्या सुकलेल्या टोकांनी पडलेल्या भेगा पुढे कितीही तेल लावलं तरी बुजल्या नाहीत. माझ्या बोटांकडे ती कधीकधी पाहत राहायची. अभिमानानं पाहायची की आणखी कशानं, हे मी कधी विचारलं नाही.

त्या सुमारास पांढुर्ण्याला स्टेशनजवळ दोन खोल्या घेऊन एका संस्थेनं काम सुरू केलं होतं. बाहेरून काही द्यायचं नाही, लोकांनी आपल्या वस्तीचं काय ते आपण ठरवावं, संस्थेनं फक्त सोबत राहायचं, असं त्यांचं म्हणणं. त्यांना वरच्या कार्यालयाला इंग्रजीत अहवाल लिहून देणारं माणूस हवं होतं. बाबांनी मला तिथं लावलं. आमचे सर बाहेरचे, हिंदी बोलणारे, मनानं चांगले. पहिल्याच दिवशी मला म्हणाले, "दीदी, आपको कुछ करना नहीं है. बैठिए, देखिए, लिखिए." मला वाटलं, जगात माझ्यासाठीच एक नोकरी तयार करून ठेवली होती.

लोधीखेड्याच्या रस्त्यावरची एक वस्ती माझ्याकडे आली. पंचवीस-तीस घरं, सगळी आमचीच माणसं, जवळजवळ सगळी दुसऱ्यांच्या वावरात कामाला जाणारी. मधोमध मातीच्या भिंतींचं, वर कवेलू घातलेलं विहार. मी सकाळच्या गाडीनं जाऊन विहाराच्या ओट्यावर वही घेऊन बसायची. बायका पहिले दोन-चार दिवस 'जयभीम बाई' म्हणून पदर सावरून बोलल्या. मी काहीच विचारत नाही असं पाहून पुढे विसरूनच गेल्या की मी तिथं आहे. मला सगळं दिसू लागलं ते त्यामुळे.

तिथं एक गोष्ट आधीपासून चालू होती. ती कोणीही त्यांना शिकवली नव्हती. त्याआधी वेचणीच्या दिवसांत आया तान्ही लेकरं वावरात नेत, कडेला धुऱ्यावरच्या बाभळीला झोळी बांधून त्यात निजवत. लेकरू रडू नये म्हणून नखाएवढी अफीम चाटवत. आदल्या हिवाळ्यात सुमन्ताची मुलगी अशीच झोळीत निजली आणि दिवस कलला तरी उठेना. सुमन्ता म्हणजे त्या वस्तीतली सगळ्यात तोंडाळ बाई. चालता चालता दोन्ही हातांनी वेचायची आणि तिसऱ्या कोणाशी भांडायची. त्या दिवशी ती पोरीला घेऊन लोधीखेड्याच्या दवाखान्यापर्यंत अनवाणी धावली. पोरगी वाचली. पण पुढचे दोन दिवस रडलीच नाही, आणि सुमन्ता पुढे मला म्हणाली, "बाई, लेकरू रडत नाई याचं भेव वाटते, हे मले त्या दिवशी समजलं."

त्यानंतरच्या पौर्णिमेला वंदना झाली आणि बायका उठल्याच नाहीत. तिथंच बसून त्यांनी ठरवलं. भागरताबाईचे गुडघे गेले होते, तिला वेचणी होत नव्हती. ती आणि तिच्याबरोबरच्या दोन म्हाताऱ्या दिवसभर लेकरं विहारात सांभाळतील. बदल्यात ज्यांची लेकरं, त्यांनी पाळीपाळीनं म्हाताऱ्यांची भाकर करायची, पाणी भरायचं, सरपण आणायचं. झोळ्या विहाराच्या आड्याला. प्रत्येक लेकराखाली त्याच्याच आईच्या जुन्या लुगड्याचा तुकडा, म्हणजे वासानं ते शांत राहतं. जी बाई अफीम चाटवेल तिचं लेकरू तीन दिवस घ्यायचं नाही. आणि सगळ्यात अवघड ते मालकाचं. दुपारी पाजायला वस्तीत यायचं तर वेळ जाणार, मालक चिडणार. सुमन्तानं चौघींना घेऊन त्याला सांगितलं, "भाऊ, दुपारी सोडसान त उद्या येतो. नाई त संत्र्याच्या बगीच्यात बी काम हायेच." बोंडं फुटून कापूस खाली लोंबत होता. मालकानं सोडलं.

हे सगळं मी तुकड्यातुकड्यानं ऐकलं, पण ते चालू असताना डोळ्यांनी पाहिलं. एका ओळीत आठ-नऊ झोळ्या, आणि मधे भागरताबाई, पाय लांब करून बसलेली, प्रत्येक झोळीची दोरी आपल्या पायाच्या अंगठ्याला किंवा हाताला अडकवलेली. एक पाय हलवला की तीन झोळ्या हलत. माझ्याकडे पाहून म्हणायची, "काय लिहून राहिली वो लीलाच्या पोरी? म्हातारी पाय हलवते, असं लिहितं का इंग्रजीत?"

"तसंच लिहिते," मी म्हणाले.

"मंग वाच बरं."

मी वाचलं. ती इतकी हसली की झोळ्या गदगद हलल्या आणि दोन लेकरं उठली. "आता घे!" ती म्हणाली आणि त्यातलं एक माझ्या मांडीवर दिलं. आई आणि ती एकाच वावरात वेचायच्या. आईविषयी मला माहीत नसलेल्या कितीतरी गोष्टी मी तिच्याकडून ऐकल्या. आई गाणी म्हणायची, हेदेखील. घरी मी आईला गाताना कधी ऐकलं नव्हतं.

मी सात पानांचा अहवाल लिहिला. खुर्चीवर बसून, चार वेळा खोडून. आयुष्यात मी तेवढं चांगलं इंग्रजी परत लिहिलं नाही, हे आता या वयात अगदी थंडपणे सांगू शकते. लुगड्याचे तुकडे लिहिले, अंगठ्याला बांधलेल्या दोऱ्या लिहिल्या, दुपारची सुट्टी लिहिली. सरांनी तो उभ्याउभ्या वाचला आणि डोळे पुसले. आईला मी तो मराठीत सांगितला. ती भाकर उलटत म्हणाली, "चांगलं चालून राहिलं न त्याइचं? मंग कोनाले कायले सांगाचं?" मला वाटलं, हिला काय कळतं.

संक्रांतीनंतर वरच्या कार्यालयाचं पत्र आलं. अहवाल फार आवडला होता. इतका, की त्यांनी तिथं बालकेंद्र मंजूर केलं होतं. पाटी, वजनकाटा, रेक्झिनच्या गाद्या, दुधाची पावडर, हजेरीचं रजिस्टर. सांभाळणारी बाई आठवी पास हवी आणि पस्तिशीच्या आतली हवी. तिला दरमहा मानधन. वस्तीत आठवी पास एकच होती, प्रमिला, नुकतीच सासरहून परत आलेली शांत मुलगी. सरांनी पत्र दोनदा वाचलं. त्यांना खटकलं होतं, ते मला दिसलं. पण मंजुरी हातातली सोडायची कशी? शेवटी म्हणाले, "दीदी, भागरताजी को आप ही समझाइए. आपकी बात मानेंगी."

माझं म्हणणं कोणी मानावं असं मी तोवर काही बोललेच नव्हते.

मी तीनदा गेले. पहिल्या दिवशी भागरताबाई एका लेकराचं पोट चोळत होती, म्हणाली, "आज कावून आलीस या वक्ताले?" मी म्हणाले, "सहजच." दुसऱ्या दिवशी तिनं परातभर उकडलेल्या शेंगा पुढे ठेवल्या. आम्ही दोघी सोलत बसलो. मी मनात वाक्य जुळवत होते, इंग्रजीत जुळवत होते, आणि मराठीत आणायला गेलं की ते मोडत होतं. तिनंच विचारलं, "काही बोलाचं हाये का तुले?" मी मान हलवली. नाही. तिसऱ्या दिवशी सुमन्ता तिथं होती, म्हणून बोलले नाही. तसं मी स्वतःला सांगितलं. सुमन्ता नसती तर आणखी काही सापडलं असतं. सरांना मी सांगितलं, बोलणं झालं. माझ्या तोंडून आयुष्यात जे थोडे खोटे शब्द गेले, त्यांतले हे सगळ्यात लहान होते.

सोमवारी सकाळी प्रमिला नवी साडी नेसून विहारात बसली. भिंतीशी हिरव्या गाद्या अंथरलेल्या, रजिस्टर उघडं. मी नावं लिहीत होते. भागरताबाई नेहमीसारखी काठी टेकत आली, काखेत धुतलेल्या लुगड्यांचं गाठोडं. दारात थांबली. गाद्यांकडे पाहिलं, प्रमिलेकडे पाहिलं. प्रमिला गडबडून उठली, "बसा न आजी, बसा."

"हे काय व्हय?"

 आया लेकरं घेऊन उभ्या होत्या, वेचणीची घाई होती, आणि सगळ्या माझ्याकडे पाहत होत्या. सुमन्ताच म्हणाली, "सरकारी झालं म्हने आजी. आता प्रमिला पाहीन लेकरं. तुले सांगतलं नाई का कोनी?"

"मले? नाई बा." मग माझ्याकडे वळून, "तुले मालूम होतं?"

मी मान हलवली. हो.

"मंग तीन दिवस येऊन राहिली होती, बोलली कावून नाई?"

तिचा आवाज चढला नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी पेन धरून तशीच बसले. आज कोणी विचारलं तर मी चार कारणं देऊ शकते. ती सगळी खरी आहेत आणि एकही पुरत नाही. ज्या बाईला गप्प बसलेल्या माणसाच्या मनातलं कळत होतं, तिला मी माझ्या गप्प बसण्यानं फसवलं होतं.

ती खाली बसली नाही. उभ्यानंच गाठोडं सोडलं आणि एकेक तुकडा प्रमिलेच्या हातात देत गेली. "हे सुमन्ताच्या पोरीचं. हे शोभाच्या पोराचं, याले उजव्या कुशीवर निजव. हे धुतलेलं हाये, पन जास्त धुऊ नको, वास जाते." शेवटचा तुकडा देऊन ती काठी टेकत गेली. दुसऱ्या दोघी म्हाताऱ्या दारापर्यंत आल्या होत्या, त्या तिच्याबरोबर वळल्या. प्रमिलेनं ते तुकडे गाद्यांवर घातले. पुढच्या आठवड्यात पाहणीला आलेल्या माणसानं ते काढायला सांगितले. स्वच्छतेसाठी. आठवडाभर लेकरं फार रडली, असं मी अहवालात लिहिलं नाही.

भाकरीच्या पाळ्या आपोआप बंद झाल्या. प्रमिलेला मानधन होतं, तिला कशाला कोणाची भाकर? बाकी दोघी म्हाताऱ्या पुन्हा लेकी-सुनांवर पडल्या. आणि महिन्याभरात मालकानं दुपारची सुट्टी काढून घेतली. त्याचं म्हणणं बरोबरच होतं. आता तिथं शिकलेली बाई आहे, डब्यात दूध आहे, मग पाजायला जायचं कशाला? मला वाटलं सुमन्ता त्याच्याशी भांडेल. मी विचारलं. ती ओटीतला कापूस चादरीवर ओतत म्हणाली, "कायच्यासाठी भांडू बाई? ते त तुमचंच हाये. तुमच्या सरले सांगा भांडाले." सर गेले. मालकानं त्यांना चहा पाजला.

हे एवढ्यावरच थांबवता आलं असतं. मी वर लिहू शकत होते की आमचं चुकलं, अट काढा, नाहीतर सगळंच काढा. कागद पुढे घेतलाही होता. पण सर मला चांगले वाटत होते, बाबा कचेरीत सांगत होते की आमच्या पोरीच्या अहवालावर केंद्र मंजूर झालं, आणि तो कागद तसाच राहिला. आईनं एकदाच विचारलं, "भागरता कशी हाये?" मी म्हणाले, "बरी आहे." आईनं माझ्याकडे पाहिलं आणि ती चुलीकडे वळली. तिला कोणीतरी सांगितलं होतं. सौंसर काही मोठं गाव नव्हतं.

दोन वेचण्या केंद्र चाललं. मग संस्थेची मुदत संपली आणि सगळं काम दुसऱ्या जिल्ह्यात गेलं. सरांनी मलाही बोलावलं, पण बाबांनी पाठवलं नाही. वजनकाटा गेला, गाद्या फाटल्या, प्रमिला दुसरं लग्न करून नरखेडला गेली. पाटी राहिली. तिसरी वेचणी तोंडावर आली तेव्हा मी एकटी, कोणी न पाठवता, त्या वस्तीत गेले. आधी भागरताबाईकडे. ती अंगणात बाजेवर होती, डोळ्यांना कमी दिसत होतं. मी म्हणाले, "आजी, माझं चुकलं. मी सांगायला हवं होतं." हे वाक्य मी सौंसरपासून घोकत आले होते.

"हाव," ती म्हणाली. बस तेवढंच. मग, "तुह्या मायले सांगजो, भागरतानं आठवन काढली."

"आजी, परत सुरू करा ना. तुम्ही बसा, बायका तयार होतील."

"मी आठवी पास नाई बाई," ती म्हणाली, आणि थोडी हसली. ते हसणं मला टोमण्यापेक्षा जड गेलं.

त्याच दिवशी विहारात पौर्णिमेची वंदना होती; ती झाल्यावर बायका उठायच्या आत मी उभी राहिले. पहिल्यांदाच. बोलले. संस्था येण्याआधी तुम्ही जसं केलं होतं, तसंच करा, झोळ्या, भाकरीच्या पाळ्या, दुपारची सुट्टी, सगळं. तुमचं तुम्हीच केलं होतं. मला वाटत होतं, कोणीतरी 'हाव' म्हणेल. बायकांनी नीट ऐकून घेतलं. एकमेकींकडे पाहिलं. अखेर सुमन्ता म्हणाली, "करू न बाई. कावून नाई करू. पन परवानगी कोनाची घ्या लागन?"

"कोणाचीच नाही. तेव्हा कोणाची घेतली होती?"

"तवाची गोष्ट अलग होती," मागून कोणीतरी म्हणालं. "आता पाटी लागली हाये न वर."

"पाटी काढून टाका."

"अन् उद्या कोनी आलं त?" सुमन्तानं विचारलं. ती चेष्टा करत नव्हती. ज्या बाईनं चालू वेचणीत मालकाला अडवून धरलं होतं, ती मला विचारत होती, पाटी काढली तर कोण रागावेल. मी सांगत राहिले, त्या ऐकत राहिल्या, आणि हळूहळू एकेक पदर डोक्यावर गेला. मग सुमन्तानंच माझी सुटका केली. "बाई, तुमी शिकलेल्या. तुमीच एक आवेदन लिहून द्या वर. आमी दस्तखत करतो. मंजूर झालं का करतो सुरू."

सगळ्यांना ते पटलं. त्या दिवशी विहारात पहिल्यांदाच मोकळं बोलणं सुरू झालं, कोणाचा अंगठा आधी, शाई कुठं मिळेल. मी नाही म्हणायला हवं होतं. वही मिटून घरी जायला हवं होतं. कदाचित मग त्या चिडल्या असत्या, आणि चिडून काहीतरी केलं असतं. मी खाली बसले, मांडीवर वही घेतली आणि लिहिलं. माझं अक्षर चांगलं होतं. एकवीस बायकांनी अंगठे उठवले, तिघींनी सह्या केल्या, भागरताबाईचा अंगठा सुमन्ता तिच्या घरी जाऊन घेऊन आली. मी तो कागद स्वतः छिंदवाड्याला जिल्हा कचेरीत नेऊन दिला.

उत्तराची वाट पाहायची ठरली. तोवर बोंडं फुटली, आणि बायका लेकरं कडेवर घेऊन वावरात गेल्या.